व्हिडिओतली फ्रेम प्रिंट केली की चेहरा चेपतो किंवा लांबतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर नेला, त्यातली एक फ्रेम काढली, प्रिंटरला दिली आणि कागदावर आलेला माणूस ओळखूच येईना, असं झालेल्यांचे प्रश्न इथे एकत्र केलेत. तुमचा प्रश्न हुबेहूब सापडला नाही तरी "गोलाची टेस्ट" वाला प्रश्न नक्की वाचा, निम्म्याहून जास्त भानगडी तिथेच उलगडतात.

टीव्हीवर चेहरा एकदम बरोबर दिसतो, प्रिंटमध्ये मात्र बारीक आणि लांबुडका येतो. प्रिंटर बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. प्रिंटर बिचारा शेवटी उभा असतो म्हणून शिव्या त्याला पडतात.

काय होतं बघा, कॅमेऱ्यापासून कागदापर्यंत चित्र पाच-सहा हातांतून जातं. कॅमेरा, फाइल, प्लेअर किंवा टीव्ही, फ्रेम काढणारं सॉफ्टवेअर, प्रिंट करणारं सॉफ्टवेअर, प्रिंटरचा ड्रायव्हर. प्रत्येकाला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात, एक म्हणजे आडवे-उभे पिक्सेल किती आणि दुसरी म्हणजे त्या एका पिक्सेलचा आकार काय, चौरस की जरा रुंद की जरा अरुंद. पहिली गोष्ट चित्राबरोबर कायम जाते कारण ती चित्रातच आहे. दुसरी मात्र फाइलला टाचणी लावून जोडलेल्या चिठ्ठीसारखी असते, आणि चिठ्ठी वाटेत पडते. टीव्हीने चिठ्ठी वाचली म्हणून तिथे बरोबर दिसलं, जेपेगमध्ये फ्रेम सेव्ह करताना चिठ्ठी गळाली म्हणून प्रिंटमध्ये चुकलं, एवढीच गोष्ट आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं, शेवटच्या पायरीवर बसून डोळ्याच्या अंदाजाने कोपरा धरून चित्र ताणू नका. मी एकदा जुन्या कॅसेटमधल्या चाळीसेक फ्रेम अशाच टीव्हीशी ताडून ताडून ताणल्या, सगळ्या प्रिंट काढल्या आणि नंतर कळलं की टीव्हीच "वाइड" मोडवर होता, म्हणजे मी ज्याला बरोबर समजून ताडत होतो तेच चुकलेलं. कागद गेला, शाई गेली, रविवार गेला.

पिक्सेल चौरसच असतात ना? रुंद-अरुंद पिक्सेल ही काय भानगड आहे?

कॉम्प्युटरच्या आणि फोनच्या स्क्रीनवर चौरस असतात. जुन्या टीव्हीच्या दुनियेत नव्हते. १९८२ मध्ये डिजिटल टीव्हीचं जे स्टँडर्ड ठरलं (आज ज्याला बीटी.६०१ म्हणतात) त्यात सिग्नल सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा मोजायचं ठरलं, आणि हा आकडा मुद्दाम असा निवडला की पॅल (भारत-युरोपची जुनी टीव्ही पद्धत) असो वा एनटीएससी (अमेरिका-जपानची), एका ओळीत ७२० च नमुने बसावेत. ओळी मात्र वेगळ्या, पॅलला ५७६ आणि एनटीएससीला ४८०. आता गणित करून बघा, ७२० भागिले ५७६ म्हणजे १.२५, ७२० भागिले ४८० म्हणजे १.५, आणि टीव्हीचा पडदा दोन्हीकडे ४:३ म्हणजे १.३३. एकही जुळत नाही! म्हणजे पॅलचा पिक्सेल थोडा रुंद धरावा लागतो आणि एनटीएससीचा थोडा अरुंद.

त्यावरून निदान सोपं होतं. पॅलची फ्रेम चौरस पिक्सेल समजून उघडली तर माणसं बारीक दिसतात, एनटीएससीची उघडली तर जाडी. १६:९ ची डीव्हीडी असेल तर अजून मजा, कारण तिथेही पिक्सेल तेच ७२०×५७६, फक्त चिठ्ठीवर "मला १६:९ मध्ये पसरव" असं लिहिलेलं असतं. चिठ्ठी हरवली की सगळे बांबूसारखे.

कोणती फ्रेम कितीची करायची ते एकदा लिहून ठेवा:

- ७२०×५७६, ४:३ असेल तर ७६८×५७६
- ७२०×५७६, १६:९ असेल तर १०२४×५७६
- ७२०×४८०, ४:३ असेल तर ६४०×४८०, पण प्रिंटसाठी ७२०×५४० करा
- ७२०×४८०, १६:९ असेल तर ८५४×४८०
- १४४०×१०८० (एचडीव्ही कॅमेरे) असेल तर १९२०×१०८०
- ३५२×२८८ (व्हीसीडी) असेल तर ३८४×२८८

एनटीएससीला ७२०×५४० का, तर ६४० करताना तुम्ही आहेत तेच पिक्सेल फेकून देता, आणि जुन्या व्हिडिओत आधीच पिक्सेलचा दुष्काळ असतो. प्रिंटसाठी नियम साधा ठेवायचा, जी बाजू कमी पडते ती वाढवा, दुसरी कापू नका.

एका ठिकाणी पॅलचा पिक्सेल उंचीच्या १.०६७ पट रुंद लिहिलाय आणि दुसरीकडे १.०९. खरं कोणतं?

दोन्ही आपापल्या जागी खरे. टीव्ही सिग्नलच्या एका ओळीत खरं चित्र ५२ मायक्रोसेकंदच असतं, ते वरच्या वेगाने मोजलं तर ७०२ नमुने भरतात, ७२० नाही. उरलेले नमुने म्हणजे दोन्ही कडेचा मोकळा पदर. ४:३ चा हिशोब या साधारण ७०२-७०४ पिक्सेलना लावला तर १.०९ येतं, आख्ख्या ७२० ला लावला तर १.०६७. फरक दोनेक टक्क्यांचा आहे. फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला बारीक काळ्या पट्ट्या दिसत असतील तर १.०९ वापरा, चित्र कडेपर्यंत भरलेलं असेल तर बहुधा १.०६७. घरच्या अल्बमसाठी यावर रात्र जागवू नका.

नक्की कुठल्या पायरीवर बिघडतंय हे शोधायचं कसं?

गोलाची टेस्ट. यापेक्षा भारी उपाय मला तरी अजून सापडलेला नाही आणि खर्च शून्य.

एक सीडी घ्या (व्यास बरोबर १२० मिलिमीटर असतो), भिंतीवर चिकटवा, कॅमेरा सीडीच्या अगदी समोर, त्याच उंचीवर ठेवा, वरून किंवा तिरका नको नाहीतर गोल तिथेच लंबगोल होईल. सीडी फ्रेमच्या मधोमध ठेवा, कडेला नको, कारण कडेला लेन्स स्वतःची कलाकारी करते. दहा सेकंद शूट करा. मग हा व्हिडिओ तुमच्या नेहमीच्या वाटेने पुढे न्या आणि प्रत्येक स्टेशनवर मोजा: कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, टीव्हीवर, कॉम्प्युटरच्या प्लेअरमध्ये, काढलेल्या फ्रेममध्ये, प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये आणि शेवटी कागदावर. फूटपट्टी लावून उंची आणि रुंदी घ्या आणि उंचीला रुंदीने भागा. १.०० च्या एक टक्का इकडे-तिकडे आलं तर सोडून द्या.

आकडा चुकला तर तो आकडाच चोराचं नाव सांगतो:

१.०७ ते १.०९ आलं तर पॅल ४:३ ची चिठ्ठी हरवली. ०.८९ ते ०.९१ म्हणजे एनटीएससी ४:३. १.३३ म्हणजे १४४०×१०८० वाला व्हिडिओ. १.४२ ते १.४६ म्हणजे पॅल १६:९. साधारण १.२६ आलं तर १६:९ ची फ्रेम आडव्या ए४ वर जबरदस्तीने ताणून बसवली आहे.

आता एक फसवा आकडा, १.१८ ते १.१९. हा दोन कारणांनी येऊ शकतो, एक तर एनटीएससी १६:९ ची चिठ्ठी हरवली, किंवा व्यवस्थित १६:९ ची फ्रेम कुणीतरी ४×६ इंची कागदावर ताणून भरली. दोन्हीचं गणित सारखंच पडतं कारण ७२०×४८० आणि ६×४ हे दोन्ही दीडपट. अशा वेळी फाइलचे पिक्सेल बघा, ७२०×४८० असेल तर पहिलं कारण, १९२०×१०८० असेल तर दुसरं. आणि फ्रेममध्ये गोल असलेली सीडी कागदावर लंबगोल झाली असेल तर व्हिडिओला हात लावायचाच नाही, भानगड प्रिंटच्या सेटिंगमध्ये आहे.

फाइलमध्ये ती चिठ्ठी आहे का आणि त्यावर काय लिहिलंय हे कसं बघायचं?

मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात टाका, "डिस्प्ले आस्पेक्ट रेशो" दिसेल, शिवाय रोटेशन, स्कॅन टाइप, कलर रेंज असं सगळं. कमांड टाइप करायची सवय असेल तर एफएफप्रोब. तिथे "सॅम्पल आस्पेक्ट रेशो" आणि "डिस्प्ले आस्पेक्ट रेशो" असे दोन आकडे येतात, पहिला एका पिक्सेलचा, दुसरा आख्ख्या चित्राचा, आणि लोक हमखास यांची अदलाबदल करतात.

चिठ्ठी चुकीची असेल तर आख्खा व्हिडिओ परत कन्व्हर्ट करायची गरज नसते बरं का. एफएफएमपेगमध्ये (कमांडने चालणारं फुकट व्हिडिओ सॉफ्टवेअर, एफएफप्रोब त्याचंच भावंड) चित्राला हात न लावता नुसता रेशो बदलून फाइल नव्याने बांधता येते, एमकेव्ही फाइलसाठी एमकेव्हीटूलनिक्समध्येही होतं. दोन तासांचा व्हिडिओ काही मिनिटांत सरळ, क्वालिटी जशीच्या तशी. पण हे फक्त बघण्यापुरतं, प्रिंटसाठी फ्रेम काढली की पिक्सेल खरोखरचे चौरस करून घ्यावेच लागतात कारण फोटोच्या फाइलमधली अशी चिठ्ठी काही सॉफ्टवेअर पाळतात आणि बरीचशी ढुंकूनही बघत नाहीत.

एवढं करण्यापेक्षा व्हिडिओ पॉज करून स्क्रीनशॉट घेतला तर?

आकाराच्या बाबतीत स्क्रीनशॉट चक्क बरा, कारण प्लेअरने चिठ्ठी वाचून चित्र आधीच सरळ केलेलं असतं आणि स्क्रीनचे पिक्सेल चौरस असतात. जुन्या व्हिडिओची एकच फ्रेम पटकन हवी असेल तर मी पण तेच करतो.

पण तीन अडचणी. एक, काळ्या पट्ट्या सकट येतो, त्या आधी कापा नाहीतर प्रिंटर त्यांच्यासकट कागदात बसवेल आणि चित्र बारकं होईल. दोन, २४००×१०८० च्या फोनवर १६:९ व्हिडिओ १९२०×१०८० मध्येच बसतो, म्हणजे ४के व्हिडिओचा स्क्रीनशॉट घेतला तर तुम्ही चारातले तीन पिक्सेल फेकले. तीन, दोन बोटांनी व्हिडिओ मोठा करून स्क्रीन भरली असेल तर वरचं-खालचं कापलेलं असतं आणि ते प्रिंट आल्यावरच लक्षात येतं.

फोटोशॉपमध्ये एकदम गोल दिसतंय, प्रिंटमध्ये लंबगोल. आता काय?

व्ह्यू मेनूमध्ये "पिक्सेल आस्पेक्ट रेशो करेक्शन" चालू आहे ना ते बघा. ते नुसतं दाखवण्यापुरतं असतं, डोळ्याला चष्मा लावल्यासारखं, खरे पिक्सेल तसेच चेपलेले राहतात. आधी ते बंद करा, चित्र जसं आहे तसं वाकडं दिसू दे, मग इमेज साइजमध्ये जाऊन रुंदी-उंचीमधली साखळी तोडून वरच्या यादीतला आकडा टाका. गिम्पमध्ये याचा भाऊबंद आहे, तिथे "प्रिंट साइज"मध्ये आडवं आणि उभं रिझोल्यूशन वेगवेगळं असू शकतं, म्हणजे एक ३०० आणि दुसरं २८१ असं काही. स्क्रीनवर काही कळत नाही आणि कागदावर घात होतो. दोन्ही आकडे सारखे करा.

४×६ वर प्रिंट काढली तर एकतर डोकी कापली जातात नाहीतर चेहरे लांबतात. मधला मार्ग नाही का?

गणितच जुळत नाही हो. व्हिडिओ १६:९ म्हणजे १.७८, कागद १.५. त्यामुळे तीनच पर्याय: कापा, पांढरी पट्टी सोडा, किंवा ताणा. ताणायचं नाही, विषय संपला.

कापलं तर १९२०×१०८० मधून १६२०×१०८० उरतं, म्हणजे दोन्ही कडेने १५० पिक्सेल जातात, जवळपास १६ टक्के चित्र. मधे एकच माणूस असेल तर काही बिघडत नाही, ग्रुप असेल तर कडेचा एक जण नाराज. पट्टी सोडली तर ६ इंच रुंदीला ३.३७५ इंच उंची येते आणि वर-खाली साधारण ०.३१ इंच पांढरं राहतं, ते कात्रीने कापलं की झालं. मी ग्रुप असेल तर पट्टी, नाहीतर कापणे असं करतो. पण कापायचं तर स्वतः कापा, प्रिंटरवर सोडू नका, तो सरळ मधोमध धरून कापतो, त्याला काय माहीत आजी कुठल्या कडेला बसलीये.

प्रिंट करताना उघडणाऱ्या खिडकीतले शब्द पण फसवे आहेत. विंडोजच्या फोटो प्रिंटमध्ये "फिट पिक्चर टू फ्रेम" ला टिक असेल तर ते बसवत नाही, कापतं. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये "प्रिंट एंटायर इमेज" म्हणजे पट्टीवालं आणि "फिल एंटायर पेपर" म्हणजे कापणारं. "स्ट्रेच" शब्द कुठेही दिसला तर लांब राहा. बॉर्डरलेस निवडलं की प्रिंटर चित्र कागदापेक्षा किंचित मोठं करून कडा बाहेर सांडू देतो, त्यामुळे कडेला लिहिलेली तारीख-बिरीख असेल तर तिची अर्धी अक्षरं गायब होणार.

मग फ्रेम किती मोठी प्रिंट करता येते?

३०० डीपीआयच्या (एका इंचात ३०० ठिपके) हिशोबाने १९२०×१०८० ची प्रिंट ६.४×३.६ इंच, ४के म्हणजे ३८४०×२१६० ची १२.८×७.२ इंच. जुनी पॅल फ्रेम ७६८×५७६ ची फक्त २.५६×१.९२ इंच, म्हणजे जवळजवळ पासपोर्ट फोटो. १५० डीपीआयवर समाधान मानलं तर ती ५.१×३.८ होते, हातभर अंतरावरून चालून जाते. भिंतीवर लावायची असेल तर बघणारा लांब उभा राहतो, त्यामुळे अजून कमी चालतं.

हात हलवतानाच्या फ्रेममध्ये हाताला कंगव्याचे दात फुटलेत. हे पण डिस्टॉर्शनच का?

हो, पण वेगळ्या जातीचं. जुना व्हिडिओ इंटरलेस्ड असतो. एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात, पॅलमध्ये त्या दोन क्षणांत सेकंदाचा पन्नासावा भाग एवढं अंतर. टीव्हीवर कळत नाही, थांबवून छापलं की हात पहिल्या क्षणी इथे आणि दुसऱ्या क्षणी तिथे, त्याचा कंगवा होतो.

उपाय डीइंटरलेस, म्हणजे विणलेल्या दोन क्षणांतून एकच अखंड चित्र बनवणं. एफएफएमपेगमध्ये याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ फिल्टर, व्हीएलसी प्लेअरच्या व्हिडिओ मेनूमध्येही आहे. इथे एक गोष्ट अगदी डोक्यात ठेवा, आधी डीइंटरलेस आणि मगच साइज बदलायची. उलटं केलंत, म्हणजे उंची आधी बदललीत, तर दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकीत कालवल्या जातात आणि मग ती खिचडी कुठल्याच फिल्टरने निवडता येत नाही. वरच्या यादीत ७२०×४८० चं ५४० करायला सांगितलंय ना, तिथे हे हमखास होतं.

आणि खरं सांगू का, शक्य असेल तर दोन-चार फ्रेम पुढे-मागे जाऊन माणूस स्थिर असलेला क्षण पकडा. कुठल्याही फिल्टरपेक्षा तो बरा.

फोनने चालत्या गाडीतून काढलेल्या व्हिडिओत खांब तिरके आलेत, पंख्याची पाती केळ्यासारखी वाकलीत.

रोलिंग शटर. फोनचा सेन्सर आख्खं चित्र एका झटक्यात वाचत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात खांब सरकलेला असतो. याला आस्पेक्ट रेशो बदलून काही होत नाही. खांब सगळे एकाच दिशेला सारखे कलले असतील तर फोटो सॉफ्टवेअरमधलं "स्क्यू" किंवा "शिअर" वापरून उभे करता येतात, फक्त जवळचा खांब दूरच्यापेक्षा जास्त कललेला असतो त्यामुळे सगळे एकदम सरळ होतीलच असं नाही. पंख्याचं मात्र सोडून द्या.

भिंतीची कड बाहेर फुगल्यासारखी वाकली आहे आणि कडेची माणसं रुंद झालीत, दोन्ही एकच प्रॉब्लेम ना?

नाही, आणि इथे भले भले गडबडतात.

सरळ रेघ बाहेरच्या बाजूला फुगलेली दिसत असेल तर ते बॅरल डिस्टॉर्शन, आत ओढल्यासारखी असेल तर पिनकुशन. ही लेन्सची करणी. ॲक्शन कॅमेऱ्याच्या वाइड मोडमध्ये बॅरल ठासून भरलेलं असतं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये लेन्स करेक्शन असतं, एफएफएमपेगमध्ये लेन्सकरेक्शन नावाचा फिल्टर आहे, त्यात के१ आणि के२ असे दोन आकडे देऊन रेघ सरळ होईपर्यंत खेळायचं. नेमकं काम हवं असेल तर बुद्धिबळाच्या पटासारखा छापील चौकटीचा कागद वेगवेगळ्या कोनातून शूट करून ओपनसीव्ही या लायब्ररीने लेन्सचे आकडे काढता येतात, एकदा काढले की त्याच लेन्सला त्याच झूमवर परत परत वापरता येतात.

पण कडेची माणसं जाड होणं वेगळं. वाइड लेन्समध्ये सरळ रेघा सरळ ठेवायच्या तर कडेच्या वस्तू ताणल्या जाणारच, ही भूमिती आहे, दोष नाही. म्हणजे तुम्ही लेन्स करेक्शन मारून भिंत सरळ केलीत की कडेचे काका उलट अजून जाडे होतात! दोन्ही एकदम मिळत नाही. माणसं महत्त्वाची असतील तर करेक्शन अर्धंच ठेवा, भिंतीच्या रेघेकडे कोण बघतंय.

करेक्शन करायचं तर मूळ पूर्ण फ्रेमवर करा, कापल्यानंतर नाही. फिल्टर मध्यबिंदू धरून काम करतो, तुम्ही एका बाजूने कापलंत की मध्य सरकला आणि चित्र एका अंगाला मुरगळलं.

व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, दाराची चौकट नागमोडी दिसते, खाली फाटल्यासारखी पट्टी आहे.

नागमोडी म्हणजे टाइमबेस एरर, टेप एकसारख्या वेगाने वाचली न गेल्यामुळे प्रत्येक ओळ थोडी आधी-मागे सुरू होते. हे कॅप्चर करतानाच सुधारावं लागतं, व्हीसीआर आणि कॅप्चर कार्डाच्या मधे टीबीसी म्हणजे टाइम बेस करेक्टर लावून, किंवा टीबीसी आतच असलेला व्हीसीआर वापरून. नंतर सॉफ्टवेअरने फार थोडं हाती लागतं.

खालची पट्टी हेड स्विचिंगची, म्हणजे टेप वाचणारं एक हेड संपून दुसरं सुरू होतं तिथली, ती सगळ्याच टेपवर असते, जुना टीव्ही ती पडद्याच्या कडेबाहेर लपवायचा. कापून टाका, पण आधी चित्र ७६८×५७६ करा आणि मग कापा. आधी कापून उरलेलं "४:३ करा" असं सांगितलंत तर सॉफ्टवेअर उरलेलं चित्र ताणून ४:३ करतं आणि नवीनच डिस्टॉर्शन तयार.

सोनोग्राफीसारख्या मशीनला जोडलेल्या छोट्या थर्मल प्रिंटरवर गोल वस्तू लंबगोल येते.

हे व्हिडिओ प्रिंटर सरळ व्हिडिओ सिग्नल घेऊन कागदावर उतरवतात, त्यामुळे त्यांनाही सिग्नल पॅल का एनटीएससी, कागदावर कुठल्या आस्पेक्टने काढायचा आणि कडेचा किती भाग धरायचा हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं. मशीन बदललं किंवा सेटिंग रीसेट झालं की हे बिनसतं.

इथे मात्र "थोडं लांबलंय, चालतंय" असं चालणार नाही कारण या चित्रावर लोक पट्टी लावतात. मशीनने स्वतः मोजून छापलेला आकडा बरोबरच राहतो, तो ताणला जात नाही. पण बाजूच्या उभ्या स्केलवरून आडवं अंतर मोजलं तर चुकणार, कारण उभं एका प्रमाणात आणि आडवं दुसऱ्या प्रमाणात गेलंय. सेटिंगला स्वतः हात घालू नका, सर्व्हिसवाल्याला बोलवा आणि त्याच्यासमोर टेस्ट पॅटर्नमधल्या गोलाची प्रिंट काढून पट्टीने मोजून घ्या.

उभा काढलेला व्हिडिओ आडवा होतो.

फोन सहसा चित्र फिरवत नाही, "मला ९० अंश फिरवून दाखवा" अशी अजून एक चिठ्ठी लावतो. एखादा जुना टीव्ही किंवा ॲप ती वाचत नाही. फ्रेम काढून फोटो ॲपमध्ये फिरवा आणि नव्याने सेव्ह करा. मात्र आडवी पडलेली फ्रेम उभ्या चौकटीत कोंबली गेली असेल, म्हणजे फिरलेली पण आणि चेपलेली पण, तर आधी आकार सरळ करून मग फिरवा.

फॅक्समधून आलेलं चित्र अर्ध्या उंचीचं का दिसतं?

साध्या फॅक्सचं रिझोल्यूशन आडवं २०४ आणि उभं ९८ डीपीआय असतं, म्हणजे पिक्सेल उंच. चौरस समजून उघडलं की उंची निम्मी. उंची २.०८ पट करा. फाइन मोडमध्ये २०४×१९६ असतं, तिथे हा फरक जेमतेम जाणवतो.

आकार बरोबर आला पण प्रिंट फिकट, काळा रंग राखाडी झालाय.

हे आकाराचं नाही तरी तीच चिठ्ठीची गोष्ट. व्हिडिओत काळा बहुतेक वेळा ० वर नसून १६ वर असतो आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ वर. फ्रेम काढणाऱ्याने हे ताणून ०-२५५ केलं नाही तर काळा राखाडी छापला जातो. फोटो सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये खाली १६ आणि वर २३५ टाका, झालं. हेच दोनदा झालं तर उलट सावल्या काळ्या ठिक्कर पडतात. फोनने एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला धरणारा प्रकार) शूट केलेलं असेल तर मात्र हा उपाय लागू पडत नाही, तिथे आधी व्हिडिओ साध्या एसडीआरमध्ये टोन मॅपिंग करून, म्हणजे तो पल्ला साध्या पल्ल्यात बसवून, बदला. पुढच्या वेळी प्रिंट काढायची आहे हे माहीत असेल तर एचडीआर बंद करूनच शूट करा, डोक्याला ताप नाही.

सगळं तपासलं, प्रिव्ह्यूमध्ये पण गोल आहे, तरी कागदावर चुकतं. आता तरी प्रिंटर?

आता त्याच्याकडे वळा. बरोबर १०० मिलिमीटरचा चौरस काढून १०० टक्के स्केलवर छापा आणि दोन्ही बाजू मोजा. दोन्ही सारख्याच पण ९६-९७ असतील तर ड्रायव्हर "फिट टू पेज" करतोय, आकार बिघडलेला नाही. एकच बाजू, कागद सरकतो त्या दिशेची, लांब किंवा आखूड असेल तर कागद ओढण्यात गडबड आहे: मेनूमध्ये पेपर फीडचं कॅलिब्रेशन असेल तर ते करा, रोलर पुसा, आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार खरा निवडलाय का बघा, जाड फोटो पेपर घालून "प्लेन" ठेवला की इंकजेटचं पाऊल चुकतं. लेझर प्रिंटरमध्ये गरम होऊन कागदच किंचित आकसतो, पण ते फोटोत डोळ्याला कळण्याइतकं नसतं.

मूळ व्हिडिओ गेला, चेपलेली प्रिंट तेवढी उरली आहे. काही होईल का?

होईल, आणि बऱ्यापैकी होईल. प्रिंट स्कॅन करा, स्कॅनरवर सरळ ठेवून, आणि फोटोत काहीतरी गोल शोधा जे कॅमेऱ्याच्या समोर तोंड करून आहे: भिंतीवरचं घड्याळ, समोरून दिसणारं चाक, शर्टाचं बटण. त्याची उंची-रुंदी पिक्सेलमध्ये मोजा, भागाकार करा आणि गोलाच्या टेस्टमधल्या आकड्यांपैकी जवळचा कोणता ते बघा. १.३६ आलं तर ते बहुधा १.३३ असणार, मोजण्यात तेवढी चूक होतेच, त्यामुळे तुमचा मोजलेला आकडा न वापरता यादीतला वापरा. गोल काहीच नसेल आणि चेहरा समोरून, मोठा असेल तर डोळ्याचं बुबुळ मोजा, वरच्या पापणीखाली थोडं झाकलेलं असतं म्हणून रुंदी पूर्ण घ्या आणि उंचीसाठी खालच्या दिसणाऱ्या कमानीवरून गोल पुरा करून बघा. दोन-तीन चेहऱ्यांवर करून सरासरी घ्या.